घरची शाळा सुटते कधी?

प्रस्तावना

‘बेजार’ हा शब्द नक्की कुणाचा, यावरून आमच्या दुधनीत दोन बायकांत सहज वाद लावून देता येईल. माझं माहेर बार्शीचं. तिथं माणसं उन्हानं बेजार होतात, डासांनी होतात, पोरांनी आईला बेजार केलेलं असतं. म्हणजे त्रास देणारं कुणीतरी बाहेर असतं आणि त्याच्यावर ओरडता येतं. लग्न होऊन अक्कलकोट रोड आणि गाणगापूर रोड या दोन स्टेशनांच्या मधल्या या गावात आले, तर सासूबाई भाकरी थापता थापता नुसतंच म्हणायच्या, ‘बेजार आगेद.’ कशानं, ते सांगायच्या नाहीत. कानडीत हा शब्द आत उतरून बसला आहे. कशात मन लागत नाही, चिडायचंही त्राण नाही, आणि बोट दाखवायला समोर कुणी नाही. शब्द मुळात फारसी. मराठीनं त्यातला त्रास उचलला, कानडीनं उदासी.

पुढल्या पानांचा विषय हे कानडी बेजारपण आहे. मुलांना शाळेत न घालता, किंवा शाळेतून काढून, घरीच शिकवणाऱ्या आईला (बापाला क्वचित, का क्वचित, तेही पुढं येईल) दोनतीन वर्षांनी जे होतं ते. ‘थकवा’ म्हणून भागत नाही, कारण थकवा झोपेनं जातो. ‘वैताग’ म्हणावं तर वैतागात अजून धग असते. या विषयात नव्यानं येणाऱ्या वाचकाला, मग तो पालक असो, शिक्षक असो की समाजशास्त्राचा विद्यार्थी, शब्दापाशी थोडं थांबायला सांगते. इंग्रजीतल्या ‘बर्नआउट’चं भाषांतर करायची घाई नको. आपल्याकडे बायका याला काय म्हणतात, ते आधी ऐकावं.

मी यात अभ्यासक म्हणून शिरले नाही. थोरल्याला आम्ही एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं होतं. घरात कानडी, माझ्याशी मराठी, वर्गात इंग्रजी. पोरगं वर्षभर वर्गात तोंड उघडेना. मुलगा मंद आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं. त्याच महिन्यात या मंद मुलानं आपल्या अज्जाला अडत दुकानाच्या पट्टीतली बेरीज चुकल्याचं दाखवून दिलं होतं. आम्ही त्याला घरी ठेवला. पाठोपाठ धाकटीही घरीच राहिली. पहिलं वर्ष सणासारखं गेलं. मी वेळापत्रक आखलं, रंगीत खडू आणले, माजघराच्या भिंतीला फळा ठोकला. नऊला प्रार्थना, सव्वानऊला भाषा, दहाला गणित. गल्लीतल्या बायका कौतुकानं डोकावून जायच्या.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यातली एक दुपार आठवते. वीज गेलेली. थोरला भागाकाराची उदाहरणं करत होता, मी शेजारी तूर निवडत बसले होते. त्यानं एक गणित संपवलं, मी म्हटलं, ‘पुढचं.’ दुसरं झालं, ‘पुढचं.’ चौथ्या-पाचव्याला माझ्या लक्षात आलं की मी वहीकडं बघितलेलंच नाही. बाजार समितीत लिलाव करणारा माणूस एका ढिगाचा भाव फुटला की मान वर न करता पुढच्या ढिगाकडं सरकतो, तसं माझं चाललं होतं. त्यालाही ते कळलं असावं. त्यानं शेवटच्या तीन गणितांत एकच उत्तर लिहिलं होतं. त्या रात्री जेवताना धाकटी गप्प होती. आज्जीनं विचारलं, का गं बोलत नाहीस? तर ती म्हणाली, ‘साली इन्नाऽ बिट्टिल्ल.’ शाळा अजून सुटली नाही.

रात्रीचे साडेआठ वाजले होते.

आता या विषयाचा थोडा इतिहास. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. दिवसा स्वतःचा दवाखाना, रात्री गरिबांसाठी चालवलेलं मोफत क्लिनिक. तिथं स्वयंसेवक म्हणून हौसेनं आलेली माणसं वर्षभरात कशी विझतात, हे त्यांनी पाहिलं. स्वतःही त्यातून गेले, आणि १९७४ साली त्यावर निबंध लिहिला. या विषयाचा उगम पगारी कारकुनांत नाही, आपण होऊन अंगावर काम घेणाऱ्यांत आहे, हे घरी शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. जो हौसेनं उतरतो त्याला ‘नको’ म्हणायची सोय नसते. त्याचं काम म्हणजे त्याचाच शब्द असतो. पुढं कॅलिफोर्नियात क्रिस्टिना मास्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ मध्ये हे मोजण्याची प्रश्नावली तयार केली आणि त्याची तीन अंगं सांगितली. माणूस आतून रिता होतो. ज्याच्यासाठी काम करायचं त्याच्याकडेच तो वस्तूसारखं बघू लागतो. आणि आपल्या हातून काही होत नाही, अशी त्याची खात्री पटत जाते. माझ्या त्या दुपारच्या ‘पुढचं’ला दुसऱ्या अंगात जागा मिळाली, हे मी फार नंतर वाचलं. वाचून बरं वाटलं, हेही कबूल करते. रोगाला नाव मिळालं की निम्मा धीर येतो.

पण या नावाला एक कुंपण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, तेव्हा ती फक्त नोकरीधंद्यापुरती राखली. आयुष्याच्या इतर भागांतल्या अनुभवांना हा शब्द लावू नये, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे शाळेतली बाई विझली तर तिला नाव आहे. तीच पुस्तकं, तेच धडे माजघरात शिकवणारी बाई विझली, तर तिला नाव नाही. या कुंपणावरून उडी मारली ती बेल्जियममधल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या दोघींनी. पालकपणातला शिणवटा हा वेगळा विषय आहे, असं धरून त्यांनी त्याची खास प्रश्नावली केली. तिच्यात एक खूण अशी आहे, की जिला नोकरीतल्या मोजमापात जागाच नव्हती: ‘मी पूर्वी अशी आई नव्हते’ ही बोच. माझ्या मते घरशाळेच्या बाबतीत हीच सगळ्यांत खरी खूण. कारण घरी शिकवायचा निर्णय घेणारी आई सहसा आधी चांगली रमलेली आई असते. तिला स्वतःचाच जुना फोटो बघावा लागतो.

या दोघींनी जगभरातल्या सहकाऱ्यांबरोबर ४२ देशांतल्या १७,४०९ पालकांचा अभ्यास करून २०२१ मध्ये तो प्रसिद्ध केला. जिथं समाज व्यक्तिकेंद्री, तिथं पालकांचा शिणवटा जास्त, असा त्याचा मुख्य निष्कर्ष. आपल्याकडं हे वाचून लगेच मान डोलावली जाते: बघा, आपली एकत्र कुटुंबपद्धती! मला इथं वाचकाला थोडं थांबवायचं आहे. आमच्या घरात तेव्हा अकरा माणसं होती. त्यातली दहा मला रोज विचारायची, ‘झाला का अभ्यास?’ ‘आज मी घेतो’ असं त्यांतलं कुणी म्हणत नव्हतं. घरात माणसं असणं आणि कामाला हात असणं या दोन गोष्टी आहेत. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यातली दिवसाची सरासरी २९९ मिनिटं आली आणि पुरुषाची ९७. या पाच तासांत मुलांची देखभाल धरलेलीच नाही, ती वेगळी मोजली आहे. घरची शाळा भरते ती या सगळ्याच्या वर. तिला वेळ कुठून आणायचा? झोपेतून, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून.

घरशाळेवर गेल्या पन्नासहून जास्त वर्षांत जगात पुष्कळ लिहिलं गेलं. इव्हान इलिच यांनी १९७१ मध्ये शाळाच मोडीत काढा म्हटलं. जॉन होल्ट यांनी १९७७ पासून शाळेविना वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी नियतकालिक चालवलं. या सगळ्या लेखनात मूल मध्यभागी आहे, आणि ते योग्यच आहे. पण शिकवणारी बाई त्यात फळ्यासारखी भिंतीला आहे. तिच्याकडं नीट वळून बघितलं अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ जेनिफर लॉइस यांनी. त्यांनी वायव्य अमेरिकेतल्या घरी शिकवणाऱ्या आयांमध्ये अनेक वर्षं ऊठबस केली, २००६ मध्ये त्यांच्या शिणवट्यावर निबंध लिहिला आणि पुढं पुस्तकही. या विषयात पहिलं पाऊल कुठं टाकावं असं कुणी विचारलं, तर मी त्यांचं नाव सांगते.

लॉइस यांना दिसलं ते असं. सुरुवातीला बहुतेक आया घरात हुबेहूब शाळा मांडतात: तास, वेळापत्रक, फळा. आपल्याला शिकवता येतं की नाही याची धास्ती असते आणि वेळापत्रकानं ती झाकली जाते. मग आईपण आणि बाईपण एकमेकांच्या पायात येऊ लागतं. मूल रडलं तर आईनं जवळ घ्यायचं, बाईनं गणित पुरं करून घ्यायचं. त्यावर घरकाम आहेच. ज्या यातून सावरल्या, त्यांनी वेळापत्रक सैल केलं, काय महत्त्वाचं ते ठरवून बाकीचं सोडून दिलं, घरातल्यांना कामाला लावलं. ज्यांना ते जमलं नाही त्या विझत गेल्या. अमेरिकेतल्या त्या बायका कधी तुरीची डाळ निवडत बसल्या नसतील. पण माझा माजघरातला फळा मला त्यांच्या निबंधात सापडला, खिळ्यासकट.

इथवर परदेश झाला. आपल्या घरातली साक्ष याहून जुनी आहे, आणि तीही, गंमत म्हणजे, एका प्रस्तावनेतच सापडते. पंडिता रमाबाईंचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये अमेरिकेत निघालं. त्याला प्रस्तावना लिहिली रेचल बॉडली यांनी. डॉ. आनंदीबाई जोशी जिथं शिकल्या, त्या फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या अधिष्ठात्या. त्या प्रस्तावनेत रमाबाईंच्या शिकण्याचं एक चित्र आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं होतं. धाकट्या रमेला शिकवायचं आलं ते लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. दिवसभर घरकाम, आलेगेले, विद्यार्थी. सवड म्हणून नाही. तेव्हा पहाटे, उजाडायच्या आधी, त्या झोपेनं जड झालेल्या मुलीला गोंजारून उठवायच्या आणि रानातली पाखरं बोलू लागायच्या वेळी तोंडी संथा द्यायच्या. पुस्तक नाही. आईचं तोंड हेच पुस्तक. रमाबाईंनी स्वतः पुढं जे लिहिलं त्यावरून तर असं दिसतं, की शिकण्याची बहुतेक वर्षं रानातल्या आश्रमात नाही, तीर्थयात्रेच्या वाटेवर, अनवाणी भटकंतीत गेली. म्हणजे त्या पहाटेच्या शाळेला छप्परही नसायचं.

हे चित्र आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आणि प्रत्येक वेळी त्या मुलीकडं बघत आलो. तिचं नवलही तसंच आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. मला मात्र आता ती गोष्ट वाचताना दुसराच प्रश्न पडतो. मुलगी पहाटे उठायची, तर आई किती वाजता उठायची? बॉडलीबाईंना तो प्रश्न पडला नाही. त्यांनी ते चित्र इतकं गोड रंगवलं आहे, की त्यात पाखरं आहेत आणि जांभई नाही. आमच्या विषयाचं काम, थोडक्यात सांगायचं तर, त्या चित्रात लक्ष्मीबाईंची झोप शोधण्याचं आहे. त्यांचा त्याग कमी लेखायचा नाही. पण असा त्याग हीच घरी शिकवण्याची पद्धत, असं पुढच्या बायकांना वाटू लागलं तर पंचाईत होते.

उलट बाजूचीही साक्ष आहे. बोर्डीला १९४५ मध्ये आणि पुढं कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे केलं, ते औपचारिक अर्थानं घरशाळा नव्हे. पण मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा अंगणात नेली, गुरं चारायला जाणाऱ्यांसाठी कुरणात नेली. कुरणशाळा हा त्यांचा शब्द मला फार आवडतो. त्यात शिकवणं जगण्याच्या जागी गेलं. आणि दुसरी गोष्ट, ती सहसा कुणी बोलत नाही: त्या दोघी होत्या. एकीनं पडायचं तर दुसरी उभी असायची. घरी शिकवणारी आई म्हणजे अनुताई नसलेल्या ताराबाई.

आता २०२० बद्दल, कारण या विषयाकडं येणारे बहुतेक नवे वाचक त्या दारानं येतात. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि राज्यातल्या घराघरांत माजघरातली शाळा भरली. सरकारचं ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ होतं, जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. पण मला आठवतात त्या सोलापुरातल्या नीलमनगरच्या भिंती. यंत्रमाग आणि विडी कामगारांची ही वस्ती. एकेका घरात एक फोन, तोही बापाच्या खिशात. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले: पाढे, व्याकरण, आकृत्या. मुलं गल्लीत अंतर राखून उभी राहायची आणि भिंत वाचायची. त्याचं कौतुक झालं ते मुलांच्या सोयीसाठी. मी त्यात आयांची सोय पाहते. विडीची पानं कातरणाऱ्या बाईला ‘पुढचं’ म्हणावं लागलं नाही. भिंत बेजार होत नाही.

तरी अभ्यासकांना एक सूचना. टाळेबंदीतला शिणवटा आणि घरशाळेतला शिणवटा एकाच पोत्यात भरू नका. टाळेबंदीत कुणी विचारून शाळा बंद केली नव्हती. शिव्या द्यायला विषाणू होता. घरशाळा आपण होऊन घेतलेली असते, म्हणून कंटाळा आल्याचं बोलायची चोरी. शेजारीण म्हणते, ‘मग घाला की परत शाळेत!’ इतकं सोपं उत्तर समोर असलं की माणूस तक्रार गिळतो. घरशाळेतलं बेजारपण मुकं असतं, ते यामुळं.

मुकेपणाला कायद्याचीही थोडी साथ आहे. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत शिकण्याचा हक्क तो देतो, पण घरी शिकवणाऱ्यांची नोंद करायची व्यवस्था त्यात नाही. त्यामुळं शाळाबाह्य मुलांची पाहणी करणारे गुरुजी दारात आले, की चांगली शिकलीसवरलेली आईही गुन्हेगारासारखी चहा पुढं करते. पुढचा रस्ता तसा माहितीचा आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे आताच्या एनआयओएसची, दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. किंवा आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. हा शब्द उच्चारला की आमच्याकडं लोक अजून नापास झालेल्या पोराकडं बघावं तसं बघतात. २०१६ मध्ये मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर अमेरिकेत एमआयटीला गेली, तेव्हा ती बातमी मला गल्लीतल्या चौघांनी आणून दाखवली. चांगल्या मनानं दाखवली. पण त्या दिवसापासून माझ्या भागाकाराला एमआयटीचं ओझं झालं. यशोगाथा हेही बेजारपणाचं एक कारण आहे, आणि या विषयात तिची दखल अजून पुरती घेतलेली नाही.

आमच्या घरात काय बदललं, ते सांगते. पद्धत म्हणून नाही, नमुना म्हणून. पहिल्यांदा मी विश्रांती घेऊन पाहिली. आठ दिवस बार्शीला गेले, परत आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मदत मागितली. नवऱ्यानं मान्य केलं, रोज संध्याकाळी तो मुलांना घेऊन बसू लागला. पण कुठला धडा घ्यायचा ते मी सांगायचं, वही मी शोधून द्यायची, नंतर तपासायची मी. त्याच्या एका तासासाठी माझा दीड तास जायचा. मदत म्हणजे काम कमी होणं नव्हे, हे तेव्हा कळलं. मदतनिसाचा मुकादम व्हावं लागतं.

फरक पडला तो गणित हातचं गेलं तेव्हा. सासऱ्यांचा सगळा जन्म दुधनीच्या बाजार समितीत गेला. पावसाळा सरताना मूग-उडीद, थंडीत तूर. सीमेपलीकडच्या गावांतूनही माल इथं उतरतो. एक दिवस थोरला त्यांच्याबरोबर गेला, आणि मग जातच राहिला. अज्जांना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ, त्यातलं निम्मं कानडीत. ३७ कट्टे, कट्ट्याला ५० किलो, तर किती क्विंटल? कागद नाही. ते म्हणणार, ‘दोन कट्ट्यांचा एक. ३६ चे १८, उरला तो अर्धा. साडेअठरा.’ मग त्यातून हमाली, तोलाई वजा, पट्टीवर काय उरेल ते बोल. मी शिकवलेल्या रीतीत आणि यात काडीचा मेळ नव्हता. पहिले पंधरा दिवस मी रात्री त्याची वही मागायचे. वहीच नव्हती. अज्जा म्हणाले, ‘गणित मला दिलं का नाही? मग विचारायचं नाही.’

हे ‘विचारायचं नाही’ मला फार जड गेलं. त्यात थोरल्याचे दशांश अपूर्णांक सहा महिने मागं पडले, हेही लपवत नाही. पण मदत मागणं आणि सोपवणं यांतला फरक मला त्या वाक्यानं शिकवला. सोपवायचं म्हणजे दुसऱ्याला ते आपल्यापेक्षा वाईट करू द्यायचा हक्कही द्यायचा. लॉइस यांच्या निबंधातल्या सावरलेल्या आयांनी घरातल्यांना कामाला लावलं, असं मी वर लिहिलं. ते कामाला लावणं होतं की सोपवणं, हे त्यांच्या मुलाखतींत पुन्हा जाऊन बघावंसं मला वाटतं. कुणी तरुण अभ्यासक तयार असेल तर सोलापूर-कलबुर्गी पट्ट्यातल्या घरांत हाच प्रश्न घेऊन जावं. आमच्याकडं आजोबा एका भाषेत शिकवतो आणि आई दुसऱ्या. तिला त्यातलं अर्धं कळतच नाही, त्यामुळं तपासायचा मोह आपोआप सुटतो. भाषा न येण्याचा असा फायदा कुठल्याही प्रश्नावलीत नसेल.

दुसरी गोष्ट साधी होती. फळा काढला, खिळा राहिला. त्या खिळ्याला एक पिशवी लावली. दुपारच्या जेवणाआधी पाट्या-वह्या पिशवीत जातात, पिशवी खिळ्याला लागते, शाळा सुटते. त्यानंतर मुलानं काही विचारलं तर आई जेवढं सांगते तेवढंच सांगायचं, त्याचा धडा करायचा नाही. हे वाचायला सोपं वाटतं. शेतात वेळ अमावस्येला भज्जी आणि आंबील समोर असताना, मूल शेंगांच्या वेलाकडं बोट दाखवून काहीतरी विचारतं, आणि तुमच्या जिभेवर ‘द्विदल’ हा शब्द येऊन थांबतो, तेव्हा तो गिळायला किती कष्ट पडतात ते करून बघावं. कोसबाडचं कुरण मला प्रिय आहे, पण त्याचा एक धोकाही मी इथं नोंदवून ठेवते. जगण्यातली प्रत्येक गोष्ट शिक्षण आहे असं एकदा मानलं, की बाईला सुट्टी मिळायची जागाच उरत नाही.

या संग्रहातले लेख एका सुराचे नाहीत. काही आकडे घेऊन येतात, काही नुसत्या दिनचर्या आहेत. दिनचर्यांना कमी लेखू नका. भाकरी आणि भागाकार एकाच तासात कसे बसवले, याचा पुरावा त्यांच्यातच मिळतो. शाळेच्या बाजूनं वाद घालणारे लेखही मुद्दाम ठेवले आहेत. ज्या आईनं तीन वर्षांनी मुलांना परत जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं आणि पहिल्या दिवशी घरी येऊन चार तास झोपली, तिचं टिपण मी दोनदा वाचलं. ती हरली, असं मला त्यात कुठंही दिसलं नाही. वाचकांनी क्रमानं वाचायची गरज नाही. ज्यांना आज दुपारीच ‘पुढचं’ म्हणायचं आहे, त्यांनी तर हे पुस्तक सरळ मिटून ठेवावं आणि पडावं.

ऋण पुष्कळांचं आहे. सासऱ्यांचं सांगून झालं. शेजारच्या अक्का दर मंगळवारी दोन्ही मुलांना त्यांच्या ओसरीवर नेऊन बसवायच्या, चार वर्षं, एकही मंगळवार न चुकवता. त्यांचं नाव इथं छापावं म्हणून विचारायला गेले, तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. ‘मी कुठं काय शिकवलं? शेंगा फोडायला बसवलं होतं पोरांना. तू निजली होतीस ना?’

दुधनी, वेळ अमावस्या